गवारीच्या वाफ्यात गाय

कौशल्या सूनबाई,

तू माहेरी गेवराईला जाताना म्हणलीस, "मामा, परसातली भाजी जपा." जपली. भांड्याचं पाणी गवारीला घातलं, गवार लई लागली. टमाटे मातर उन्हानं करपले.

पण गाईला तीन दिस चारा न्हाई. दूध सोसायटीत पेंडीसाठी दोनदा गेलतो. "आजबी आली न्हाई, बाबा," सेक्रेटरी म्हणला. काल दुपारी गाय माझ्याकडं बघून हंबरायला लागली. मला ऐकवंना. मीच दावं सोडलं आन् तिला वाफ्यात नेलं. तुझी गवार, पालक, मेथी समदी तिनं खाल्ली. मी अडवलं न्हाई, तिच्या पाठीवर हात ठिवून उभा राह्यलो.

आता तिला घेऊन चारा छावणीवर चाललोय. तिथं जनावराजवळ माणूस लागतंय, म्हणून पाऊस पडंपर्यंत तिथंच ऱ्हाईन. छपरावर चढलेला दोडक्याचा वेल तेवढा वाचलाय, त्याला दोन कोवळी दोडकी हायेत.

शेजारच्या बायनाबाईला मी म्हणलो, दावं तुटून गाय सुटली. ती तुला तसंच सांगल. ते खरं न्हाई.

मामा