नकुशीच्या चपला

११ मे १९९८, मांडवगण फराटा
दौंडच्या दवाखान्यातून घरी. विहिरीवरच्या मोटरचा शॉक. ओल्या हातांनी स्टार्टर उघडला, हे विज्ञानशिक्षकाला शोभत नाही; सगळ्यांना 'तांत्रिक बिघाड' सांगायचं. दवाखान्यात हृदय थोडा वेळ बंद होतं म्हणे. उजेड दिसला. मेंदूला ऑक्सिजन कमी पडला की दिसतो. विषय संपला.

१२ मे
संपला नाही. बायको अनवाणी फिरतेय. नकुशी म्हसोबाला बोललीय : हे वाचले तर जोडीनं नारळ फोडू, तवर पायात चप्पल घालायची न्हाई. मी गावोगाव नवसांविरुद्ध भाषणं देणारा! येणार नाही म्हणालो. ठामपणे. ती बरं म्हणाली आणि फुफाट्यातून पाण्याला गेली.

१४ मे
इनुस वायरमन येऊन गेला. त्यानेच फळी मारून मला सोडवलं. सर, तिकडं काय दिसलं, म्हणाला. काही नाही, म्हणालो. खोटं बोललो. नकुशीची हाक आली होती : अहो, घरी चला. पारावर गप्पा लांबल्या की मारते तशीच. कुणाला सांगणार नाही. पुरावा नाही.
जाताना इनुस म्हणाला, वैनींच्या पायाला फोड आल्यात, बघा जरा.

१५ मे
बघितले. जेवण गेलं नाही. फार अपराधी वाटतंय. अशक्तपणा असेल. उद्या तिला मेंदूची आकृती काढून समजवायचं. नक्की.

१६ मे
काढली. तिने नीट पाहिली. हाताला आता बरं वाटतंय न्हवं, एवढंच विचारलं.

१८ मे, पहाट
तोंडाला टॉवेल गुंडाळून एकटाच नारळ फोडून आलो. निव्वळ माणुसकी म्हणून. घाल आता चपला, म्हणालो. ती म्हणाली, जोडीनं बोलले व्हते, एकट्याचं चालत न्हाई.

१९ मे, दुपार
शेवटी सांगून टाकलं : म्हसोबाने नाही, तुझ्या हाकेने परत आलो. वाटलं, जिंकलो. ती रडली. मग म्हणाली, मला तर डॉक्टरांनी भायेर काढलं व्हतं. पायरीवर बसून हाक मारली ती म्हसोबाला, तुम्हाला न्हाई.
शिरूरच्या भाषणाला तब्येतीचं कारण कळवलं आणि तिच्यासोबत निघालो.
नवस फिटला. तिच्या चपला घरीच होत्या, म्हणून माझ्या दिल्या. मी अनवाणी आलो. इतकं पोळतं, हे मला माहीतच नव्हतं.