बाथरूमची लेव्हल

४ मार्च

चि. भाऊस, अनेक आशीर्वाद.

आमचं बाथरूम नवं होतंय आणि माझं डोकं फिरतंय. तुझ्या भाचीने लग्न ठरवलंय, फरशी बसवायला आलेल्या मिस्त्रीशीच. ती त्याला चहात साखर किती एवढंच विचारायची. तेवढ्यात कधी जमलं कोण जाणे. आपली काही लेव्हल आहे की नाही? शिवाय मुलगा हट्टी. म्हणे, जाळीकडे थोडा उतार ठेवू. मी बजावलं, वाकडंतिकडं चालणार नाही, फरशी एका लेव्हलमध्येच हवी. त्याच्या लेव्हल मोजायच्या पट्टीवरचा बुडबुडा मधोमध आला तेव्हाच त्याला सोडलं. तू मामा आहेस, तिला समजाव.

तब्येत सांभाळ, बहिणीची आठवण ठेव.

तुझी ताई

११ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

भाचीला फोन केला. समजवायला गेलो, समजून आलो. आईने हो म्हटल्याशिवाय लग्न करणार नाही म्हणते, आणि दुसऱ्या कुणाशी तर नाहीच. म्हणजे गाडं तुझ्यापाशी अडलंय. फरशीची लेव्हल मोजायला त्याच्याकडे पट्टी आहे. माणसाची मोजायला तुझ्याकडे काय आहे? घराण्याचं म्हणशील, तर वडील तिकिटं फाडायचे, मी छापखान्यात लोकांच्या चुका शोधून पोट भरतो आणि भाऊजी वीस वर्षं एकच खुर्ची झिजवताहेत. हा पोरगा निदान काहीतरी बसवतो.

रागाव हवं तर, लोभ मात्र आटू देऊ नकोस.

तुझा भाऊ

२ एप्रिल

चि. भाऊस, अनेक आशीर्वाद.

रागावणारच होते, पण त्याआधी पाणी तुंबलं. बाथरूमचं तळं झालं. तुझे भाऊजी पँट दुमडून मधोमध उभे. म्हणाले, लेव्हल अगदी चोख आहे, कुठेही उभं राहा, घोटाभरच पाणी. शेवटी मिस्त्रीला बोलावलं. त्याने एक टोमणा मारला नाही. फरशी उखडली, उतार देऊन पुन्हा बसवली. माहीत होतं तर माझं ऐकलंस कशाला, असं विचारलं, तर म्हणाला, तुमची भीती वाटली. पोरगा दिसतो त्यापेक्षा हुशार आहे.

ताज्या फरशीवर दोन दिवस पाय ठेवायचा नव्हता, म्हणून आम्ही मायलेकी बादल्या घेऊन शेजारच्या वकीलबाईंकडे अंघोळीला गेलो. बाई म्हणाल्या, तुमचा तो फरशीवाला आमच्याकडे पाठवा, मात्र असल्यांच्या डोक्यावर बसूनच काम करून घ्यावं लागतं. माझ्या तोंडून निघून गेलं, की जावई आहेत ते आमचे, सवड असली तर विचारून बघते.

लेक माझ्याकडे बघतच राहिली. आता इलाज नाही. वकिलासमोर बोलले, शब्द फिरवता येत नाही.

तारीख ठरवायला ये, जिभेला लगाम घालून ये, पण ये.

तुझी ताई