अठ्ठेचाळीस टक्क्यांवरील ओळ

प्रिय मेहुणेबुवा यांस,

सविनय नमस्कार (वयाने मी मोठा असल्यामुळे विनय बेताचाच समजावा). आपला गुडघा आता जिना चढू देतो असे कळले, समाधान वाटले. आमच्या घरी सर्वांच्या प्रकृती उत्तम आहेत. मनःस्थितीविषयी खाली लिहीत आहे.

प्रथम एक दुरुस्ती. आपल्या भगिनीने, म्हणजे माझ्या पत्नीने, गेल्या रविवारी आपणांस दूरध्वनीवरून सांगितले की, "ह्यांनी पोरीचं पुस्तक वाचून तिला चुकांची यादी पाठवली, आता ती फोन उचलत नाही." (मी चोरून ऐकत नव्हतो. तिचे बोलणे भिंतींना जुमानत नाही.) या एका वाक्यात दोन दोष आहेत. एक, ती यादी नव्हती, शुद्धिपत्र होते. दोन, तोपर्यंत मी ते पुस्तक वाचलेलेच नव्हते. केवळ तपासले होते.

हा भेद आपल्यासारख्या इंग्रजीच्या निवृत्त प्राध्यापकास समजणार नाही, म्हणून विस्ताराने लिहितो. आपल्या भाचीने इंग्रजीत कादंबरी लिहिली. तीत एक वडील आहेत. आपण ती वाचलीत, माझ्या पत्नीने मोबाईलवर वाचली, आणि मी खोलीत शिरलो की आपण दोघे पंख्याकडे पाहू लागलात. मग आपणच म्हणालात, "भाऊजी, तुम्हाला झेपायचं नाही, मी थोडक्यात सांगतो." माझ्या मुलीने माझ्याविषयी काय लिहिले ते मी दुसऱ्याच्या तोंडून, तेही थोडक्यात, ऐकणार नाही, हे मी तेव्हा बोललो नाही. आता लिहून देतो.

पुस्तक कागदावर निघालेले नसल्यामुळे मी ई-रीडर विकत आणला. दुकानदार म्हणाला, "आजोबा, इंग्रजी सुधारायला झकास. शब्दावर बोट ठेवा, अर्थ हजर." माझे इंग्रजी बिघडलेले नसल्यामुळे ते सुधारण्याचा प्रश्न उद्भवत नाही, असे मी त्यास समजावले आणि यंत्र घेतले. (पत्नी त्यास पाटी म्हणते. "अहो, पाटीवरचं लक्ष जरा ताटावर आणा," हे आमच्या घरातील सध्याचे प्रचलित वाक्य आहे.) अर्थ खरोखरच हजर होतो, परंतु त्या अर्थात आणखी दोन अनोळखी शब्द असतात. पहिल्या दिवशी सकाळी मी शोक या अर्थाच्या एका शब्दापासून निघालो आणि दुपारी बदकाच्या एका जातीपाशी पोहोचलो. दुसऱ्या दिवशी बोट कुठे तरी चुकीचे पडून अक्षरे एवढी वाढली की पानावर चारच शब्द मावू लागले. त्यापुढे आठवडाभर मी आपल्या भाचीच्या मितभाषी शैलीचे कौतुक करीत होतो.

शिवाय या यंत्रास पृष्ठांक नाहीत, टक्के आहेत. खालच्या कोपऱ्यात ते पुस्तक संपण्यास किती वेळ उरला हेही सांगते. आरंभी नऊ तास लिहिले होते. मी नेटाने वाचत गेलो तसतसे ते वाढत वाढत एकतीस झाले. निर्जीव वस्तूने इतका खोचकपणा केलेला मी प्रथमच पाहिला.

माझी पद्धत आपण जाणता. छापखान्यातील उभ्या हयातीत मी मुद्रितशोधक होतो. मुद्रितशोधकाने मजकुरात गुंतायचे नसते. गुंतला की डोळा चूक गिळतो. म्हणून मी अक्षर पाहतो, अर्थ पाहत नाही. इंग्रजी मजकूरही मी असाच तपासत असे आणि त्यातील एकाही ग्राहकाने कधी तक्रार केली नाही. त्याच पद्धतीने मी जवळजवळ निम्मी कादंबरी पार केली, आणि आपल्या भाचीचा दूरध्वनी आला.

"बाबा, कसं वाटलं पुस्तक?"

मी म्हणालो, "अठरा टक्क्यांवर स्वल्पविराम राहिला आहे."

"बरं," ती म्हणाली. मग, "आईला द्या."

मी शुद्धिपत्र त्याच संध्याकाळी पाठवले. त्याबद्दल मी दिलगिरी व्यक्त करणार नाही. चूक दिसत असताना गप्प बसणे हा मुलीचा अपमान आहे.

आता मुख्य घटना. अठ्ठेचाळीस टक्क्यांवर एका ओळीखाली ठिपक्यांची रेघ आढळली. ती मी ओढलेली नव्हती. अर्थात, माझ्याआधी अन्य कोणा शोधकास तेथे दोष सापडला होता आणि माझ्या नजरेतून तो निसटत होता. मी ती ओळ सुटी सुटी करून तपासली. उलटीकडून तपासली. भिंग लावले. चार दिवस गेले. अखेर मान झुकवून पत्नीस विचारले. ती म्हणाली, "अहो, चूक कसली? ती लोकांना आवडलेली ओळ आहे. कितीतरी वाचकांनी खूण केली की यंत्र आपोआप रेघ दाखवतं."

मग ती ओळ मी वाचली. तिचा आशय असा: बाबांनी माझी एकही चूक सोडली नाही, आणि माझे एकही पान वाचले नाही.

मग मी पुन्हा आरंभापाशी परतलो आणि तेथून शेवटापर्यंत गेलो. शब्दकोश उघडला, बदके आली, तरी गेलो. उरलेल्या भागात किती चुका आहेत ते मला सांगता येणार नाही, कारण त्या पाहण्याचे राहून गेले. हे आपण कोणास सांगू नये.

तथापि, ती ओळ मला मान्य नाही. परक्या लोकांनी रेघा ओढल्या म्हणून विधान खरे ठरत नाही. कादंबरी काल्पनिक असते हे मला शिकवू नये. तीतील तारखा काल्पनिक नाहीत.

आपला,
भाऊजी

ता. क. आपली भाची माझा दूरध्वनी उचलत नाही, आपला उचलते. खालील दुरुस्त्या तिला कळवाव्यात. एका वाचकाकडून आल्या, एवढेच सांगावे. थोडक्यात सांगू नये, आहेत तशा वाचून दाखवाव्यात.

दुसरा ता. क. दुरुस्त्या:

नऊ टक्के. वक्तृत्व स्पर्धा १५ डिसेंबर, "वडील फिरकले नाहीत." स्पर्धा ऐनवेळी पुढे ढकलून २० डिसेंबरला झाली. १५ रोजी वडील गेले होते. सभागृहास कुलूप होते. २० रोजीही गेले. मागच्या दारापाशी उभे होते, कारण खुर्च्या भरल्या होत्या.

एकवीस टक्के. महाविद्यालयाच्या अंकात पहिली कथा, मार्च. तो अंक एप्रिलमध्ये निघाला. मार्चमध्ये तो आमच्याच छापखान्यात होता. ती कथा मी तपासण्यास नकार दिला व सहकाऱ्याकडे सोपवली. मी तीत गुंतलो होतो.

एकावन्न टक्के. परगावी प्रयाण, ३ जुलै, "निरोप द्यायला वडील आले नाहीत." बसस्थानकावरील फलकावर फलाट दोन लिहिला होता, म्हणून वडील दोनवर उभे राहिले. बस पाचवरून सुटली. फलक चुकीचा होता. तारीख बरोबर आहे, ती तशीच ठेवावी.