आडवा सात, तीन अक्षरी

तीर्थरूप दादास धाकट्याचा नमस्कार. (पूर्वीइतका वाकून नाही, कंबर धरली आहे.) वहिनींचा गुडघा, तुझी साखर आणि आईचे कान जागच्या जागी असतील असं धरून चालतो. तुझं पत्र पोचून पंधरवडा झाला. सबंध पत्रात एकच वाक्य, आईला कधी नेतोस? मोठ्या भावाने खुशालीचे दोन शब्द तरी लिहावेत, पण ते असो. घराला रंग लावायचाय म्हणून आईला आठ दिवसांसाठी तुझ्याकडे सोडलं, त्याला दोन वर्षं होत आली, हे मला तोंडपाठ आहे. पण माझ्यामागे काय शुक्लकाष्ठ लागलंय ते आधी ऐक, मग बोल.

सव्वीस वर्षं मी पेपरात शब्दकोडं रचतोय (तू त्याला रिकामे चौकोन भरणं म्हणतोस, हेही माझ्या कानावर आहे). या खेपेला बक्षिसाचं कोडं होतं आणि नव्या साहेबांना काहीतरी विषय हवा होता, म्हणून रंग बदलणाऱ्या गोष्टी घेतल्या. लिटमस घातला, पिकणारी पानं घातली, पिकणारे केस घातले. आडवा सात होता 'वेळ पाहून रंग बदलतो, तीन अक्षरी.' उत्तर सरडा. शेंबडं पोरही सांगेल. पण नेमकं त्याच सकाळी तुझं पत्र हातात पडलं, डोकं ठिकाणावर राहिलं नाही, आणि या शब्दाच्या वरखाली मी सगळे काळे चौकोन भरून बसलो. म्हणजे एकही उभा शब्द त्याला छेदत नाही. ही चूक आमच्यातला नवखाही करत नाही, कारण आधाराला एक अक्षर नसलं की वाचक मनाला येईल ते लिहायला मोकळा.

आणि सुटलेच की मोकळे! चारशे उत्तरं आली, त्यात सरडा लिहिणारे पन्नाससुद्धा नाहीत. कुणी जावई, कुणी पुढारी, कुणी मेहुणा. बायकांच्या अक्षरात नवरा तर ढिगाने. एकीने पेन दाबून कागद फाडलाय. एका भल्या माणसाने आकाश लिहिलं, त्याचं लग्न झालेलं नसावं. सकाळी साहेब म्हणाले, वाचक म्हणजे देव, सगळी उत्तरं बरोबर धरा. दुपारी त्यांनी गठ्ठा चाळला. छत्तीस जणांनी साहेब लिहिलं होतं, त्यातल्या नऊ जणांचा पत्ता आमच्याच कचेरीचा! (मी त्यात नाही. मला भाग घेता येत नाही, नाहीतर दहा झाले असते.) लगेच हुकूम सुटला की सरडाच बरोबर, बाकी सगळ्यांवर लाल फुली, आणि पुढच्या महिन्यापासून कोडं बाहेरून घेऊ. तुमच्याशिवाय पान हलत नाही म्हणणारे सगळे त्या दिवशी माझ्या टेबलावरून मान खाली घालून चहाला गेले. मला कुणी विचारलंही नाही.

मग मी एकटाच फुल्या मारत बसलो. निम्मा गठ्ठा संपला आणि एक उत्तर हाती आलं. पत्ता तुझा. अक्षर आईचं, ओळ सोडून वर चढत जाणारं. बाकी सगळे शब्द अचूक. आणि आडव्या सातमध्ये मुलगा.

दादा, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तिचे तिथे काय हाल चालले असतील या विचाराने जीव तुटतो. तू पहिल्यापासूनच असा, आईसमोर एक आणि वहिनींसमोर दुसराच. जन्मदात्या आईला पेपरात असं लिहावं लागतं, जनाची नाही तर मनाची तरी बाळग.

वहिनींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. : तरी आईला सहज विचारून बघ, मुलगा म्हणजे कुठला?

ता. क. दुसरा : विचारू नकोस. उत्तरं मी तपासतो हे तिला चांगलं ठाऊक आहे. तिला तुला बोलायचं असतं तर तू समोरच बसलेला असतोस, तिकीट लावून पेपरात कशाला पाठवेल? फुली मारायला पेन उचललं आणि टोपण लावून ठेवून दिलं. ते उत्तर मी घरी आणलंय. रविवारी येतो. तिची बॅग भरून ठेव.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवण्याआधी हिला वाचून दाखवलं. हा रविवार जरा अवघड दिसतोय, पुढचं पुढे बघू. मी येणार होतो हे आईला सांगू नकोस.