ओळखीने आत या

३ मार्च, सोमवार
मेल वाचता वाचता चहा गार झाला. दवाखान्याच्या वेबसाइटवर लॉगिनसाठी मी जे प्लगिन – बाहेरचं तयार जोडसॉफ्टवेअर – बसवलं, त्यालाच भोक! दुसऱ्या साइटच्या खात्यावरून आत येणारा माणूस जो ईमेल सांगेल तो खरा मानायचा – तो त्याचाच आहे का, हे बघायचंच नाही. म्हणजे डॉक्टरांचा ईमेल माहीत असला की मी डॉक्टर. दाराला भलंमोठं कुलूप आणि किल्ली पायपुसण्याखाली. प्लगिनवाले म्हणतात, दुरुस्ती "लवकरच".

दुसऱ्या खात्यावरून आत यायच्या त्या बटणाचं मराठी माझंच – "ओळखीने आत या". तेव्हा स्वतःवर खूश होते. आता ते शब्दशः खरं झालंय. ओळख पटवायला नको, नुसती ओळख असली की झालं.

४ मार्च, मंगळवार
डॉक्टरबाईंना म्हटलं, लॉगिन बंद करू. "अगं, मग पेशंट वेळ कशी घेणार? आणि चोराला मिळणार काय, आमच्या काकांचे गुडघे?" सगळे हसले. मीही हसले, मूर्खासारखी.

घरी आल्यावर डोक्यात आलं. ताई! ती तिथलीच पेशंट. तिचा खांदा – दाजींनी पिरगाळलेला. (दाजी तरी कशाला म्हणायचं आता. पण जिभेला सवय.) घर सोडल्यावर ती कुठे राहते हे आम्ही आईलाही सांगितलेलं नाही, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून. आणि ताईचा ईमेल दाजींनीच काढून दिलेला, लग्नाच्या वर्षी. पासवर्ड तिने बदलला. ईमेल तोच.

लॉगिन बंद केलं. न विचारता. बाई काय बोलायचं ते बोलोत.

५ मार्च, बुधवार
लॉगिनच्या नोंदी बघितल्या. रविवारी ताईच्या खात्यात कोणीतरी त्या बटणावरून शिरलंय.

तिला फोन केला. "मी कशाला ते बटण दाबू? मी पासवर्ड टाकून जाते."

तिचं पान मी उघडलं नाही. पेशंटचं पान उघडायचं नाही हा नियम डॉक्टरांचा, आणि त्याहून जास्त माझा. बघायचं तरी काय होतं? नाव, खांदा, पत्ता. पत्ता!

६ मार्च, गुरुवार
ताईला माझ्याकडे घेऊन आले. हे घर मी गेल्या वर्षी घेतलं, दाजींनी पाहिलेलंही नाही. दोन पिशव्या आणि इस्त्री. इस्त्री कशाला? "नवी आहे."

बाईंचा फोन आला. वाटलं, आता तासणार. "वेडाबाई, तुझी बहीण आहे हे आधी नाही का सांगायचं?" एवढंच म्हणाल्या. मला रडू आलं.

सुताराकडून दाराला दुसरी कडी बसवून घेतली. ताई सोफ्यावरच झोपून गेली. मला मात्र आपण काहीतरी बरोबर केलं असं वाटतंय.

७ मार्च, शुक्रवार
ताई टॉवेलच्या घड्या घालत होती. सहज म्हणाली, "बघ ना, घाबरले की मला काही सुचतच नाही. मी कुठे दवाखान्यात माझा पत्ता दिला होता? म्हटलं, माझं काय, आज इथे तर उद्या तिथे. मी तुझाच –"

घडी अर्धीच राहिली.

७ मार्च, पुन्हा
पोलिसांना फोन झाला. "येतोय" म्हणाले. ताई आतल्या खोलीत आहे. दोन्ही कड्या लावल्यात. ते येईपर्यंत लिहीत बसलेय.

बेल वाजली. मी विचारलं, कोण?

"उघड गं. ओळखीचाच आहे."