मोकळ्या हवेतला इस्टर

आई, यंदा इस्टरची पहाटेची उपासना भरवायची नाही, असं ठरवणाऱ्यांत मी होते. नुसती होते असं नाही, चांगली भांडले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली तरी चर्चच्या कमिटीत मी अजून ‘सिस्टरची पोरगी’च आहे, आणि जरा आवाज चढवला की कुणीतरी म्हणतंच, आईवर गेली. तेव्हा यातला अर्धा दोष तुझा धर.

तू नर्स म्हणून दवाखान्यात खूप साथी पाहिल्यास, पण साथीपायी चर्चला वर्षभर कुलूप लागलेलं काही पाहिलं नाहीस. बाबा दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून, बूट चढवून मोबाईलसमोर बसतात. पाळकसाहेब मोबाईलमधून आशीर्वाद देतात, मध्येच चित्र अडकतं, त्यांचं तोंड उघडंच राहतं, तरी बाबा मान वर करत नाहीत. मला आधी हसू यायचं. मग यायचं बंद झालं. नाताळानंतर आजार ओसरल्यासारखा वाटला आणि सगळ्यांना धीर आला. चर्च इतक्यात उघडायला नको, पण इस्टरची पहाट कबरस्तानात करू, असं कमिटीत ठरलं. रिवाजाप्रमाणे ज्याने त्याने आपल्या माणसाच्या कबरीवर मेणबत्ती लावायची आणि मग चिंचेखाली जमून गायचं. “मोकळ्या हवेत काय होते?” कमिटीतले एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले. मलाही ते पटलं. माणसांनी किती अंतरावर उभं राहायचं त्याचे चुन्याचे गोल आखायचं काम मी अंगावर घेतलं.

मार्चमध्ये ऊन चढलं तसा आजारही परत चढला. प्रताप नगरच्या आपल्या घरात दुपारी कूलरच्या आवाजावरूनही अँब्युलन्स ऐकू यायला लागल्या. तशातच मी चुन्याची पिशवी घेऊन कबरस्तानात गेले. मागच्या भिंतीलगत नवे खड्डे होते, एका रांगेत, रिकामे. खोदणाऱ्याला विचारलं, कोणाकोणाचे? तो कपाळ पुसत म्हणाला, “अजून कोणाचेच नाही, बाई. उन्हानं माती कडक होते, मंग ऐन टायमाले कुदळ चालत नाही. म्हणून आत्ताच खोदून ठेवून राहिलो.” मी चुन्याची पिशवी न उघडताच परत आणली.

त्या संध्याकाळी कमिटी फोनवर जमली. मी खड्ड्यांचं सांगितलं. तेच वडीलधारे गृहस्थ पुन्हा म्हणाले, “पण मोकळी हवा आहे ना?” आणि मला एकदम आपलं स्वयंपाकघर आठवलं. मी लहान आहे, डांग्या खोकल्याने हैराण झाले आहे, इस्टरचा नवा फ्रॉक घालून रडते आहे. बाबा दारात उभे राहून तुझी मनधरणी करताहेत, “जाऊ दे वं तिले, मोकळ्या हवेत तं आहे.” तू रात्रपाळी करून आलेली, डोळे लाल, आणि तू त्यांच्यावर केवढी ओरडतेस! “हवा मोकळी रायते, माणसं मोकळे उभे रायत नाही. हिच्यापायी दुसऱ्याचं लेकरू खोकलंन, त्याले काय सांगू?” बाबा एकटेच गेले. तू माझ्यासाठी घरी थांबलीस. वाळ्याच्या सुगंधी मुळ्यांची नवी जुडी धुऊन माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, माठात तू टाक, आजपासून हे काम तुझं. माझं रडणं तिथेच थांबलं. तेव्हापासून दर इस्टरला माठात नवा वाळा मीच टाकते.

तर मी तुझंच वाक्य कमिटीत म्हटलं, तुझ्याच आवाजात. उपासना रद्द झाली. निरोप मीच लिहिला, सगळ्यांच्या मोबाईलवर मीच पाठवला. उत्तम शुक्रवारी बाबा माझ्याशी बोलले नाहीत, शनिवारीही नाहीत. रविवारी पहाटे मी उठले तर ते बूट घालून खुर्चीत तयार. “उपासनेले नाही जाऊन राहिलो. तुह्या आईच्या कबरीवर मेणबत्ती लावतो न् वापस येतो.” मी नको म्हणायच्या आत म्हणाले, “तिथं कोण असन? तूच तं नोटीस काढली.” मी त्यांना स्कूटीवर मागे बसवलं.

गेटबाहेर गाड्याच गाड्या. आई, सगळी मंडळी आली होती. उपासनेला कुणीच नाही, जो तो आपापल्या कबरीवर, आणि प्रत्येकाला वाटलेलं की आपण एकटेच असू. पाळकसाहेबसुद्धा त्यांच्या आईच्या कबरीपाशी वाकलेले, मला पाहून चोरासारखे हसले. मेणबत्त्या लागत गेल्या. मग अंधारात कुणीतरी म्हणालं, “प्रभू उठला आहे!” आणि बाबांनी मास्क हनुवटीखाली ओढून, वर्षभर साठवलेल्या आवाजात उत्तर दिलं, “खरोखर उठला आहे!” त्यानंतर कोण कुणाला आवरणार! चिंचेखाली माणसं जमली. गोल आखलेले नव्हते, कारण उपासनाच रद्द होती. खांद्याला खांदे लागले, हात हातात गेले, म्हातारी माणसं गळ्यात पडून रडली. मला त्यांना ओरडायचं होतं. मीही गायले, आणि फार बरं वाटलं. उजाडलं तेव्हा भिंतीलगतचे ते खड्डे दिसले. सगळ्यांनीच पाहिले असावेत, कारण गाणं तिथेच संपलं आणि कुणी चहासाठी थांबलं नाही.

आता आठवडाही झाला नाही. ते मोकळ्या हवेवाले गृहस्थ दवाखान्यात आहेत. पाळकसाहेबांची बायको फोनवर बोलताना दर वाक्याला श्वास घ्यायला थांबते. मला फोन वाजला की घेववत नाही.

आज सकाळी बाबांनी माठातलं पाणी घेतलं. एक घोट प्यायले, ग्लास नाकाशी धरला, परत एक घोट प्यायले. “यंदा वाळा टाकाले विसरली का वं?”

“हो बाबा, विसरली,” मी म्हटलं.

“तुही आई नसती विसरली,” ते म्हणाले आणि ग्लास ठेवून आत जाऊन आडवे झाले.

हे पत्र तुझ्या कबरीवर ठेवायचं मनात होतं, पण कबरस्तानाच्या गेटला आता कुलूप घातलं आहे, आतमध्ये फक्त ज्याला पुरायचं त्याच्या घरचे दोघे-चौघे सोडतात. तेव्हा हे इथेच राहील, स्वयंपाकघरात, माठाशेजारी. वाळ्याचा वास नुसता घमघमतो आहे. आई, मी विसरले नव्हते.