वाचून दाखवले, समजले

पुणे, ७ जुलै २०२५

ति. रत्नाआत्यांना शेफालीचा सा. न. वि. वि.

भातलावणी चालू असेल. तिकडे मोबाईलला रेंज नाही म्हणून पत्र. दुसरं कारण अभ्यासाचं. आमच्या लॉ कॉलेजात पाचव्या, शेवटच्या वर्षाला यंदा नवा विषय आलाय. त्याला पेपर नाही, पाठांतर नाही. मॅडम म्हणाल्या, कलमं तोंडपाठ असलेले वकील कोर्टाबाहेर रांगेनं उभे आहेत, तुम्ही माणसाचं ऐकायला शिका. कागदावर सही केलेलं एक माणूस गाठायचं. कागद कशाचा होता ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. मग नक्कल काढून, त्यात खरं काय आहे ते त्याला साध्या पत्रानं कळवायचं, एकही कलम न घालता.

मला तुम्हीच आठवलात. दोन वर्षांपूर्वी आबा गेल्यावर भोरच्या कचेरीत तुम्ही सही केलीत. कागद मीच वाचून दाखवला होता. तो कशाचा होता, आठवेल तसं लिहा. चूक-बरोबर बघू नका.

लोभ आहेच, मार्कांपुरता थोडा जास्त असू द्या.

शेफाली


हिर्डोशी, १५ जुलै

चि. शेफालीस आत्याचे आशीर्वाद.

तुझं पत्र चिखलात उभ्यानं वाचलं. वकील व्हायला निघालीस आन मलाच इचारतीस व्हय. तो कागद वारसाचा. आबांच्या माघारी शिवऱ्याच्या जमिनीला माझं आन तुझ्या बापाचं, दोघांचं नाव लागावं म्हणून. हनुमंतानं, तुझ्या बापानंच, तसं सांगितलं व्हतं. तू लई झोकात वाचलंस, बातम्या देत्यात तसं. समदी कचेरी बघत व्हती. म्या एक शब्द ऐकला न्हाई, तुझ्या तोंडाकडंच बघत बसले. सही करू का म्हणून तुला इचारलं, तर करा म्हणालीस.

दिवाळीनंतर आमी शिवऱ्यालाच ऱ्हायला येतो. माझ्या वाट्यात, हायवेच्या कडंला, दोन खोल्या आन माझ्या लेकाचं, इंद्रजितचं, पंक्चरचं दुकान. हवा भरायची मशीन त्यानं आणून ठेवलीय, गोठ्यात गोणपाटाखाली. म्हशीला बी तिची सवय झाली. हितं एसटी चुकली की चालत सुटायचं, आन गुडघं आता ऐकत न्हाईत.

पास हो. आत्यावरची माया पातळ करू नगस.

रत्ना


पुणे, २९ जुलै

ति. रत्नाआत्यांना सा. न. वि. वि.

भोरहून नक्कल मिळाली. एसटी स्टँडवर तीनदा वाचली.

कागद वारसाचा नाही. हक्कसोडपत्र आहे. शिवऱ्याच्या जमिनीतला तुमचा सगळा हिस्सा तुम्ही भावाला, काही न घेता, कायमचा देऊन टाकला, असं त्यात आहे. सातबाऱ्यावर आज एकट्या बाबांचं नाव आहे. दुकानाची जागा कागदोपत्री तुमची नाही.

शेवटची ओळ अशी: वाचून दाखवले, समजले. तिच्याखाली तुमची सही. त्याखाली साक्षीदार म्हणून माझी.

तेव्हा मी तिसऱ्या वर्षाला होते. मालमत्तेच्या कायद्यात वर्गात सर्वांत जास्त मार्क माझे होते. हक्कसोडपत्राची व्याख्या झोपेतही लिहिली असती. त्या दिवशी ‘अविभक्त’ या शब्दावर अडखळू नये, एवढंच मी जपत होते. वाचताना मान वर केली नाही.

बाबांना फोन केला. ते म्हणाले, सगळ्याच बहिणी सोडतात, साडीचोळी केली होती, अक्काला ठाऊक आहे. मग तुम्हाला वारसाचा कागद का सांगितला, असं विचारलं. त्यावर म्हणाले, तुला उगाच नेलं होतं का, वकिलीतल्या पोरीनं वाचलं म्हणजे उद्या कुणी बोट ठेवणार नाही. हे त्यांनी सहज सांगितलं. जेवत होते.

कागद रद्द करायचा दावा लावता येतो. तुम्हाला आत्ता कळलं, तेव्हा आतापासून तीन वर्षांच्या आत. पण दुसऱ्या वकिलाला विचारा. माझ्या शब्दावर जाऊ नका.

लोभ मागायचा धीर होत नाही.

शेफाली


हिर्डोशी, ८ ऑगस्ट

चि. शेफालीस आशीर्वाद.

पत्र आलं त्या दिवशी चूल पेटली न्हाई. इंद्रजितला दोन दिवस सांगितलंच न्हाई. तो मशीन पुसत व्हता, म्या बघत व्हते. हनुमंतानं मागितली असती तर म्या जमीन दिली असती का, ठाऊक न्हाई. पर मागायची व्हती.

भोरला मंगल वकीलबाईंकडं गेले. त्यांनी इचारलं, कागद वाचला कुणी. म्या सांगितलं, माझ्या भाचीनं. त्या म्हणाल्या, भाची साक्षीला उभी ऱ्हायली तर दावा टिकंल, न्हाईतर अवघड हाय.

बापाच्या समोर बोलायचं हाय, पोरी. न्हाई म्हणालीस तरी म्या तुझी आत्याच. पर त्ये पत्रात लिहू नगस. हितं येऊन, माझ्या तोंडावर न्हाई म्हण.

आशीर्वाद पहिल्याइतकेच हायेत.

रत्ना


पुणे, १४ ऑगस्ट

ति. बाबांना शेफालीचा सा. न. वि. वि.

आत्या दावा लावत आहेत. मी साक्ष देणार आहे. त्यांना तसं कळवलं. तुम्हाला कोर्टात कळू नये, म्हणून हे पत्र.

कागद वाचून दाखवला का, असं विचारतील. हो म्हणेन. समजावला का? नाही. त्यांना काय समजलं ते विचारलं का? नाही. तुम्ही मला कशासाठी नेलं होतं ते तेव्हा ठाऊक होतं का? नाही. फोनवर तुम्ही काय म्हणालात ते विचारलं, तर तेही सांगेन. जेवढं झालं तेवढंच सांगेन.

मॅडमना सगळं सांगितलं. मार्कांचं त्या काहीच बोलल्या नाहीत. हे आता अभ्यासाचं राहिलं नाही, एवढंच म्हणाल्या.

शनिवारी शिवऱ्याला येते. तुम्ही आत घेतलं नाहीत, तर तशीच हिर्डोशीला जाईन.

लोभ असावा. हे सवयीनं लिहिलेलं नाही.

तुमची
शेफाली